धवलारिणीचा गळा

"थंड गल्यान देव नाय येत, मास्तरीन," असं म्हणत ती चुलीपुढे पाय पसरायची आणि मिठाच्या कोमट पाण्याचा घोट घशात घोळवत बसायची.

तुम्ही आगरी लग्न पाहिलं असेल तर धवलारीण तुम्हाला ठाऊक असेलच. हळदीपासून लग्न लागेपर्यंत धवले गाऊन देवांना मांडवात बोलावते ती. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मी पनवेलच्या शाळेत शिकवत होते आणि माझी खोली आमच्या आळीतल्या धवलारिणीच्या पडवीला लागूनच होती.

धवल्याचे शब्द मांडवाबाहेर उच्चारायचे नाहीत, हा तिचा नेम. म्हणून घरी गळा तापवताना ओठ मिटून नुसतं हूं हूं चालायचं. मनात मात्र अख्खा धवला फिरत असायचा. मध्ये कोणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. एकदा मी विरजण मागायला गेले आणि तिची सगळी सकाळ वाया घालवली. "आता तुजं दही नाय लागाचं," ती म्हणाली. आणि खरंच लागलं नाही.

लगीनसराईत ती पार पिळून निघायची. साथीच्या बाया अर्ध्यावरच पेंगू लागत, शेवटापर्यंत जायची ती एकटीच. "आता नाय होत गं," म्हणायची. पण नातीची हळद तिला स्वतः गायची होती, शेवटच्या ओळीपर्यंत. तेवढ्यासाठी ती रेटत होती.

नातीच्या हळदीच्या दिवशी ती पहाटेच चुलीपुढे बसली. नवरीचा मामा आपट्याहून बैलगाडीने निघालेला, आणि त्याच्यावाचून हळद लावता येईना. दुपार टळली. गळा थंड पडेल या भीतीने ती हूं हूं करतच राहिली. "आजी, जरा दम घ्या," मी म्हटलं. तिने मानेनेच नको म्हटलं. अखेर मामा आला. ती मांडवात उभी राहिली, तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. मला रडूच आलं.

मग बायांनीच धवला उचलला. ती खांबाला टेकून ऐकत बसली. अर्ध्यावर येऊन बाया अडल्या. पुढचं कोणालाच येईना. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं, तर तिला बसल्या जागी झोप लागलेली. सून उठवायला गेली, तशी पाटावरून नवरी म्हणाली, "ऱ्हाव दे. किती वर्सांची जागी हाय ती."

जाग आल्यावर तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, "लागली का हलद?" नातीने पिवळे हात पुढे केले. बाकीचं तिला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या लगीनसराईआधीच ती गेली. आमच्या आळीत हळदीचा धवला अजून तेवढाच गातात. त्या ओळीशी येऊन बाया थांबतात आणि हळद लावायला घेतात.