मॅग्नेशियमवर पाणी

त्या दिवशी पाण्याचा पाइप माझ्या हातात होता. इरफानभाईंच्या नाही.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर मी हे कुणालाही सांगितलं नाही.

अंबडला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी क्वालिटी चेकिंगला लागले, तेव्हा नुकतीच बीएस्सी केमिस्ट्री झाले होते. इरफानभाई लेथ मशीनवर मॅग्नेशियमचे पार्ट कापायचे. शिक्षण सातवी, अनुभव बावीस वर्षांचा.

एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं, "बेटा, धातू आणि अधातूत फरक काय, सांग बरं."

मी घडाघडा सांगितलं. धातू चमकतो, वाजतो, ठोकला की पसरतो, वीज वाहून नेतो. अधातूचं बहुतेक उलटं. धातू इलेक्ट्रॉन देतो, अधातू घेतो.

ते हसले. "आणि पेटल्यावर?"

मला प्रश्नच कळला नाही.

"कोळसा पेटला तर पाणी मार, विझतो. तो अधातू ना? पण हा मॅग्नेशियमचा चुरा पेटला तर पाण्याचा थेंब नको. लय भडकतो. फक्त कोरडी वाळू."

मला तर समीकरण पाठ होतं. तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, हायड्रोजन मोकळा सोडतं, आणि तो पेटतो. परीक्षेत पूर्ण मार्क मिळाले होते.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, ग्राइंडरची ठिणगी चुऱ्याच्या ट्रेमध्ये पडली.

पांढराशुभ्र उजेड. डोळे उघडवेनात.

मी धावले आणि पाइपचं पाणी त्यावर सोडलं.

"पाणी नको, बेटा, पाणी नको."

हे मला ऐकू आलं होतं. हात थांबला नाही.

त्यांनी मला मागे ढकललं आणि माझ्या जागी ते आले. भडका त्यांच्या अंगावर गेला.

माझ्या मनगटावर एक फोड आला. तेवढंच.

हॉस्पिटलमध्ये कंपनीचे साहेब जबाब घ्यायला आले तेव्हा मी दाराशी उभी होते. इरफानभाई म्हणाले, "पाणी माझ्याकडून मारलं गेलं. ही पोरगी लांब होती."

साहेब गेल्यावर मी रडायला लागले.

"तू नवीन आहेस, तुला काढून टाकतील. मी जुना माणूस, मला फक्त ओरडतील. बरा झालो की येतोच कामावर."

सहाव्या दिवशी ते गेले.

रिपोर्टमध्ये आलं: कामगाराची चूक.

मी गप्प बसले. आधी भीतीने, मग लाजेने. मग रोज वाटायचं, आता फार उशीर झाला.

आज वडाळ्याला शाहीनभाभींकडे गेले. इरफानभाईंच्या बायकोला तोंड दाखवायची वर्षभर हिंमत नव्हती. सगळं सांगितलं.

त्या मेथी निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"मला माहीत हे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कुणाला बोलू नको म्हणाले, म्हणून नाय बोलले."

पुढची काडी उचलत म्हणाल्या, "माझ्या पोरीला शाळेत म्हणतात, तुझ्या अब्बाने कंपनी पेटवली. वर्षभर वाट बघितली मी, तू येशील म्हणून."

मी पाया पडायला वाकले. त्या उठल्या.

"माझ्या नको पडू. तिला सांग. चारला येते ती."

त्यांच्याच ओट्यावर बसून हे लिहितेय. साडेतीन झालेत. नऊ वर्षांच्या मुलीला हे कुठून सांगायला सुरुवात करतात, मला खरंच माहीत नाही.

उद्या कंपनीत लेखी जबाब देणार आहे. नोकरी गेली तर जाऊ दे.

इरफानभाई, चूक तुमची नव्हती.

तुम्हाला शेवटचा सलाम.