जेवणाच्या बदली

"घरचं खाशील तर ऱ्हा तिकडं, न्हाईतर गप घरी ये." एवढ्या एका अटीवर आईनं मला कारेगावात खोली घेऊ दिली. रांजणगावच्या कंपनीत मला पॅकिंग लाइनवर काम लागलं होतं आणि न्हावऱ्याहून रोज वेळेवर पोचणं एसटीच्या भरवशावर जमणारं नव्हतं. एकटी पोरगी बाहेर ठेवली म्हणून गावातल्या शहाण्यांनी आईचे कान खायला सुरुवात केली होतीच. ती सगळ्यांना एकच सांगायची, पोरगी माझ्या हातचं खाती तवर ती माझ्या नजरेखाली हाय. डबा बंद झाला तर नोकरीही बंद, हे मला पक्कं ठाऊक होतं.

डबा यायचा दुधाच्या टेम्पोतून. टेम्पोवाले मामा आमच्याच गावचे. कारेगावातल्या चहाच्या हॉटेलांना ते दूध घालायचे आणि सकाळी आठच्या सुमारास चौकातल्या हॉटेलात कॅनबरोबर माझा डबाही उतरवायचे. तीन कप्प्यांचा, स्टीलचा, वर माझं नाव घातलेला. असे दोन डबे होते. एक आला की आदल्या दिवशीचा धुतलेला परत जायचा. डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी चिमूटभर साखर टाकायची आणि मोकळी व्हायची. आईचे निरोपही मामांच्याच तोंडून यायचे, कारण मोबाइल तेव्हा फक्त सुपरवायझर लोकांच्या कमरेला दिसायचे.

खोलीत माझ्याबरोबर राहू गावची एक जण होती. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आमच्याच कंपनीत स्टोअरला. मी तिला ताई म्हणायची. तिची आई ती लहान असतानाच गेलेली, घरी भाऊ आणि भावजय. तिला घरून डबा येत नसे. राहूला जाऊन आली की गुऱ्हाळावरचा गूळ तेवढा आणायची. मी डबा पुढं केला तर एक घास घ्यायची आणि लगेच हात धुवायची. मला तो तिचा ताठा वाटायचा.

मग मला कंपनीत पहिली शिफ्ट लागली आणि सगळं बिनसलं. सकाळी सातला गेटच्या आत, डबा येणार आठला. साडेतीनला सुटलं की शिरूरला कॉम्प्युटरचा क्लास. परीक्षा पास झालीस तर ऑफिसात घेतो, असं साहेबांनी कबूल केलं होतं. रात्री खोलीवर पोचेपर्यंत सकाळच्या भाकरीचा पापड झालेला असायचा. कॅन्टीनमध्ये जेवले तर आईची अट मोडणार. आठवडाभर मी केळी आणि बिस्किटांवर काढला.

ताई तेव्हा नुकतीच शिरूरच्या एका हॉलमधली मीटिंग ऐकून आली होती, छातीवर बिल्ला लावून. जेवणाच्या बदली प्यायची पावडर ती विकायला लागली होती. म्हणाली, "गिलासात पाणी, दोन चमचे पावडर, हालवायचं आन् प्यायचं. दोन मिनटांत जेवान झालं."

मी काही एवढी भोळी नव्हते. तिच्याकडून घेण्याआधी शिरूरच्या मेडिकलात जाऊन चौकशी केली. दुकानदारानं एक डबा काढला आणि विचारलं, "पेशंट कोण आहे घरात?" दुसरा काढला, त्यावर उघड्या अंगाचा एक पैलवान दंड फुगवून उभा. तो खोलीत ठेवला असता तर घरमालकिणीनं मलाच बाहेर ठेवलं असतं. ताईच्या डब्यावर मात्र एक टापटीप बाई होती, हातात फाइल, नजर घड्याळावर. ती बाई मला मीच वाटली. तरी मी डब्यामागचं बारीक अक्षर वाचत बसले, तर ताई म्हणाली, "काय वाचतीस? मी सोता दोन टाइम हेच घेती." बाईच्या फोटोपेक्षा मी त्या वाक्यावर विश्वास ठेवला.

"आन् घरनं येणारा डबा?" मी विचारलं.

"त्यो मी उतरवून घेती, माझी जनरल शिफ्ट नवाला असती. आपल्या झाडूवाल्या मावशी हायेत न्हवं, त्यांना देती. धुऊन परत पाठवायचं बी माझ्याकडं."

मला केवढं हलकं वाटलं! आईची अट मोडत नव्हती, कारण पावडर म्हणजे काही बाहेरचं जेवण नव्हे. अन्न वाया जात नव्हतं, वर पुण्यही लागत होतं. मीच मामांना सांगून टाकलं की आजपासून डबा ताईकडं देत जा. आईला मात्र यातलं काही कळू दिलं नाही, मामांनाही गप राहायला सांगितलं.

दोन महिने मी ती पावडर प्यायले. चव व्हॅनिलाची म्हणायची, प्रत्यक्षात ओल्या पुठ्ठ्याची. अकराच्या सुट्टीत सगळ्या पोरी डबे उघडायच्या आणि मी ग्लास हलवत बसायची. माझे गाल बसले. ताईचे मात्र वर आले, चेहऱ्यावर तुकतुकी आली. मी म्हटलं, मला का नाही लागत गं? ती म्हणाली, "तुझ्या अंगाला लागायला येळ लागंल." ते ऐकून मी दोनाचे तीन चमचे केले.

एके दिवशी मशीन बंद पडली आणि आमच्या लाइनला अकराऐवजी एक वाजता, जनरल शिफ्टबरोबर, जेवायला सोडलं. मी ग्लास घेऊन कॅन्टीनमध्ये शिरले. कोपऱ्यातल्या टेबलावर ताई बसली होती. पुढं माझ्या नावाचा डबा, तिन्ही कप्पे मांडलेले. शेंगोळ्यांचा वास मला दारातच ओळखू आला. आई हुलग्याचं पीठ कसं मळते, लसूण किती घालते, सगळं त्या वासात होतं. ताई भाकरी कुस्करून खात होती. शेवटी तिनं कप्पा बोटानं पुसून घेतला, अगदी मी पुसायची तसा.

मी जाऊन तिच्यासमोर बसले. माझ्या हातात तो ग्लास तसाच.

"मावशींना देत होतीस ना?"

मी भर कॅन्टीनमध्ये तिला नाही नाही ते बोलले. चोरटी म्हणाले, खोटारडी म्हणाले. पावडर विकलीस त्याचं काही नाही, पण मला पुठ्ठा पाजून तू माझ्या आईच्या हातचं खाल्लंस! मी रडत होते आणि माझं मलाच कळत नव्हतं की भुकेनं रडतेय की संतापानं. तिनं डब्याचे कप्पे एकात एक बसवले, कडी लावली आणि हळूच म्हणाली, "तुला नको हुता. मला पाहिजे हुता."

एवढंच. माफी नाही, काही नाही. खोलीवर येऊन मी तिच्या फळीवरचा पावडरीचा डबा उघडून पाहिला. आतलं सील फोडलेलंच नव्हतं. आठवड्याच्या आत ती ट्रंक उचलून दुसरीकडं राहायला गेली.

मी सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्याची एसटी धरली. आईसमोर सगळं कबूल करायचं, तिचा मार खायचा आणि ताईला दोघींनी मिळून शिव्या घालायच्या, असं ठरवूनच निघाले होते. परीक्षेच्या नादात दोन महिने मी घरी फिरकले नव्हते. आई अंगणात धुणं वाळत घालत होती. तिच्या उजव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, भाजल्याचा गुलाबी डाग होता.

"हे कधी झालं?"

आई हसली. "आता इचारतीस व्हय? मामांकडं निरोप दिला हुता की. चुलीवरचं पातेलं कलंडलं. पंधरा दिस डाव्या हातानं भाकरी थापल्या, वाकड्यातिकड्या. तुला कळलंच असंल म्हना, दुसऱ्याच दिशी डब्यातनं मलम पाठवलंस. बाई, त्या मलमानंच उतार पडला बघ."

दोन महिने मामांना रोज भेटत होती ती ताई. निरोप ताईला मिळाला होता. तिनं तो मला सांगितला नाही, कारण सांगितला असता तर मी धावत घरी आले असते, आईला चुलीपाशी बसू दिलं नसतं आणि डबा थांबला असता. तेवढ्यासाठी तिनं माझ्या आईला भाजल्या हातानं भाकऱ्या थापू दिल्या. आणि मलमही तिनंच पाठवलं. यातली कुठली ताई खरी, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. राग मात्र अजून तेवढाच येतो.

आईनं फळीवरून एक बरणी काढली. त्यात काळपट, मऊ गुळाचे खडे होते. "ह्यो तुझा गूळ. रोज डब्यातनं एक खडा. च्या मी ह्याचाच करती. आधी नुसती साखर टाकायचीस, आता पोरीला कळाय लागलं, असं म्या शेजारणीला बी सांगितलं." तिनं खडा फोडून माझ्या तळहातावर ठेवला. राहूचा गूळ. मी तो तोंडात टाकला आणि म्हणाले, "गोड आहे."

कबूल करायला आले होते, ते तसंच राहिलं. तो खडा आपल्या लेकीचा नाही, हे मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

पुढं मी हॉटेलवाल्याला सांगून डबा फळीवर ठेवायला लावला. साडेतीनला सुटले की शिरूरची गाडी पकडण्याआधी तिथंच बाकावर बसून गार भाकरी खायची. भाकऱ्या आता पुन्हा गोल येत होत्या. पावडरीचा उरलेला डबा मी उकिरड्यावर टाकला. परत जाणाऱ्या डब्यात टाकायला शिरूरच्या बाजारातून गूळ आणला, चांगला पिवळाधमक, निवडून घेतलेला. रोज एक खडा, न चुकता.

आठवडाभरानं सुट्टीच्या सकाळी मी स्वतः डबा घ्यायला चौकात गेले. मामांनी कॅन उतरवता उतरवता निरोप सांगितला, "तुझी आई इचारती, ह्यो गूळ कुनी दिला? तुझा न्हाई वाटत म्हनली."

मी म्हणाले, "दुकान बदललंय, सांगा."

"मग पहिल्याच दुकानातनं घे की, पोरी," मामा म्हणाले. "तिला त्योच आवडतुया."