उपद्व्यापी

सोयाबीन सोंगायला, म्हणजे विळ्याने कापायला लागलं की माझ्या हाताची सालं निघतात. वाळलेल्या शेंगांची टोकं सुईसारखी टोचतात. टोळीतल्या बाकीच्या बायका हाताला जुने पायमोजे चढवतात, पण त्यातूनही मला टोचायचं. म्हणून मी कायम मागे.

आमच्याकडे सोंगणी गुत्त्याने, म्हणजे अख्ख्या वावराचे पैसे ठरवून घेतात. पूर्ण वावर टोळीने मिळून संपवायचं. प्रत्येकीने आपली पात, म्हणजे वाट्याच्या ओळींचा पट्टा, धरायची आणि जिची पात मागे राहील तिची इतरांनी ओढून न्यायची. माझी पात नेहमी कडेची, आणि तीही किती वेळा ओढली गेली! शेवटी मागच्या हंगामात टोळीची म्होरकी मला म्हणाली, "बाई, राग नोको येऊ देजो. पन तुह्यानं होत नसन तं तू घरीच राय. बाया कुरकुर करून राह्यल्या."

मला चारचौघींत बोलता येत नाही. मी मान हलवली आणि घरी आले. अंगणात दोरीवर नवऱ्याची जीनची पँट वाळत होती. गुडघ्यावर विटलेली दिसली. मी ती कापली आणि मशीनवर दोन हातमोजे शिवले.

संध्याकाळी नवरा शेलूबाजारहून आला.

"माही पँट कुठी हाय?"

"कोनती?"

"अवं, लग्नात घालतो ते!"

मी हातमोजे पुढे केले. त्याने एक मोजा उचलला आणि रिकाम्या दोरीकडे पाहिलं.

सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "हे पयल्यापासूनच उपद्व्यापी हाय. लगन होऊन आली त्याच साली इनं चुलीचं तोंड फिरवलं." तेव्हापासून धूर घरात कोंडत नाही, तेवढं मात्र त्या बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कोणाला न विचारताच हातमोजे घालून टोळीमागे वावरात गेले. जीनचं कापड जाड, मूठ मिटेना. पहिल्याच हिसक्याला विळा हातातून सुटला आणि पाण्याच्या कॅनवर जाऊन आदळला. बायका पोट धरून हसल्या.

"थानेदारीन आली वो, थानेदारीन! पाया पडा!"

मलाही हसू आलं. पण हसता हसता एक गोष्ट ध्यानात आली. शेंगा धरतो डावा हात. उजव्या हातात नुसता विळा असतो. मग उजव्याला मोजा कशाला? घरी येऊन उजवा मोजा उसवला. डाव्याचा तळवा जीनचा ठेवला आणि पाठीला जुन्या बनियनचं कापड लावलं. आता मूठ मिटायला लागली.

जऊळक्याच्या वाटेवरच्या वावरात माझी पात सगळ्यांच्या बरोबरीने बांधाला लागली. म्होरकीने वळून पाहिलं, जवळ येऊन माझा डावा हात उलटासुलटा केला.

"मलेबी एक शिवून दे."

आठवड्याभरात सगळ्या टोळीचे डावे हात निळे झाले. घरोघरचे पुरुष पँटी दोरीवर टाकायला भ्यायला लागले. माझ्या नवऱ्याने तर नवी पँट पेटीत कुलूप लावून ठेवली.

पुढे कृषी खात्याच्या एक मॅडम गावात आल्या. त्यांनी हातमोज्याचा फोटो काढला आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही तर नवप्रवर्तक आहात." मी पदर तोंडाशी धरून उभी राहिले. शब्द तेवढा पाठ केला. चौथीपर्यंतच्या पुस्तकात तो आला नव्हता.

घरी बारावीतल्या मुलीला विचारलं. ती वाशीमला कॉलेजात जाते. ती म्हणाली, "ज्याले नवीन सुचते तो कल्पक. जो शोधून काढते तो संशोधक. आन नवीन गोष्ट लोकाइत चालू करून देते तो प्रवर्तक."

"मंग मी यातली कोनती?"

"तू तिन्ही, आई."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इतके नावं कायले पायजे? उपद्व्यापी म्हना, सगळं आलं त्याच्यात."

यंदा सोयाबीन पिवळं पडलं तशी मी सारखी दाराकडे बघायला लागले. मोजे तर सगळ्यांकडेच आहेत, मग माझं काय काम? कोणी बोलवायला येईल का? आज सकाळी भाकरी थापत होते, तेवढ्यात दारातून म्होरकीचा आवाज आला.

"ए उपद्व्यापी! निंगतं का नाही? तुही पात मधात ठेवली हाय!"

आतून सासूबाई हसल्या. मी डावा मोजा कमरेला खोसला आणि निघाले.