कोकणात न्यायची लुगडी

कापडाची पारख कुणाला, असं कळसच्या धनगरवस्तीवर विचारलं, तर पोरंसोरंही साखरबाईच्या खोपीकडं बोट दाखवतील. दुकानातल्या कापडाची नव्हे, कोकणात न्यायच्या कापडाची. दिवाळी सरली की वस्तीवरची चार-सहा बिऱ्हाडं मेंढरं घेऊन निघतात, बारामती, नीरा करत वरंध घाट उतरतात आणि पाऊस तोंडाशी येईपर्यंत खालीच राहतात. वर कडाक्याची थंडी, खाली अंगाला चिकटणारा घाम. गाठोडं बांधण्याआधी नव्या सुना साखरबाईला विचारून जात.

"टेरिकॉट घिऊ नगं, पाठीला डकतं," ती सांगे. "काळं नगं, ऊन पितं. पांढरं नगं, तितली माती तांबडी. आन् नवं तर मुळीच नगं. तितल्या दमट हवंत नवं लुगडं दोन दिस वाळत न्हाई. धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती घ्या, घाम त्येच टिपतं."

अठ्ठावीस वर्षं ती अशी जात होती. लग्नात बापानं पाच मेंढ्या आंदण दिल्या होत्या. त्यांच्या लेकी-नाती-पणत्यांनी आता निम्मा कळप भरला होता. चालताना ती पुढं, कळप मधे आणि काठी घेऊन नवरा, जोतीराम, मागं. तिच्यावाचून मेंढरं पाऊल उचलत नसत. यंदा गुडघा दुखत होता, तरी घरी राहायचं तिच्या मनातही आलं नाही.

यंदा नवल एवढंच, की ती गाठोडं भरत असताना जोतीराम शेजारी येऊन बसला.

"त्ये निळं घेतलंस?"

"त्ये इरलंय की. कोकरं पाजताना नेसती मी त्ये."

"त्येच घे. रोजच्या वापरातलीच घे समदी."

"आजवर माझं लुगडं कंच्या रंगाचं हाय, बघितलं व्हतं का कदी?"

"म्हातारपणी बघतुया."

ती हसली. निळं तिनं सगळ्यात वर ठेवलं. दोन दिवसांनी त्यानं तिला बारामतीला नेलं आणि एक नवंकोरं, खळीनं कडक झालेलं लुगडं घेऊन दिलं.

"नवं न्येत न्हाईत, ठावं हाय न्हवं तुमाला?"

"निघायच्या दिशी तेवढं नेस. पुढं घडी घाल. लोकं म्हणत्यात, जोतीरामनं बायकूला काय बी केलं न्हाई."

लोकांचं त्यानं कधी मनावर घेतलं नव्हतं. पण तिला बरं वाटलं. एवढ्या वर्षांत त्यानं दिलेलं पहिलं लुगडं ते. गुडघ्याची कळ तिला दिवसभर आठवली नाही.

निघायच्या दिवशी ती नवं लुगडं नेसून बोअरवर तोंड धुऊन आली, तेव्हा कळप सडकेला लागला होता. घोड्यावर भांडी होती, जाळी होती, घोंगड्या होत्या. तिचं गाठोडं नव्हतं. तिनं मान उंचावून पुढं पाहिलं. कळपाच्या पुढं निळं लुगडं चाललं होतं. क्षणभर तिला वाटलं, आपणच पुढं चाललोय आणि आपणच मागून बघतोय.

ती सिंधुबाई होती, जोतीरामच्या चुलतभावाची, दादासाहेबाची बायको.

जोतीराम मागं थांबला होता. साखरबाईनं काही विचारायच्या आत तो बोलला.

"दादासाहेबाला दिली मेंढरं. मला कारखान्याच्या गेटवर काम लागलंय, सोमवारपास्नं."

"माझ्या मेंढ्या बी?"

"वाटून कुठं ठिवायच्या?"

"आन् लुगडं?"

"मेंढरं वासावर चालत्यात. चार-सा मुक्काम झालं की सिंधूची सवय हुईल."

त्याच्याशी बोलायचं सोडून तिनं रोजची हाळी दिली. पुढचा कळप थबकला. कान लांब असलेली एक मेंढी, आंदणातल्या मेंढीची खापरपणती, वळून धावत आली. तिनं नव्या लुगड्याच्या खळीला नाक लावलं, फुरफुरली आणि आली तशी कळपाकडं परत गेली.

सिंधुबाई मात्र धावत मागं आली होती. तिला धाप लागली होती.

"आक्का, भावजी म्हणलं तुमी आपखुशीनं दिलंय. मी तर वटी भरायला येणार व्हती तुमची. हितंच उसात जाऊन फेडती आन् देती."

साखरबाईनं तिच्या अंगावरच्या निळ्याकडं पाहिलं. मागून उसाची ट्रॉली भोंगा वाजवत येत होती. पुढारीण नाही म्हणून मेंढरं सडकेवर फाकायला लागली होती, दोन-चार कोकरं तर थेट मधोमध. लुगडं मागून घेतलं, तर यातली सगळी आज तिच्याकडं वळली असती. पण न्यायची कुठं? जाळीही गेली होती, घोडाही दुसऱ्याचा झाला होता.

तिनं सिंधुबाईचा सुटलेला पदर ओढून नीट खोचला.

"ऱ्हाऊ दे. आदी त्यास्नी सडकेच्या कडंला घे. घाट उतारलीस की गाठोड्यातलं हिरवं नेस, घामाला बरं. पर कोकरं पाजताना ह्येच. इसरू नगं."

सिंधुबाईनं मान हलवली. तिला वर बघवलं नाही. ती पुढं पळाली. निळं लुगडं दिसताच कळप कडेला सरला, ट्रॉली निघून गेली.

जोतीराम जवळ आला. "चल घरी. तुजा गुडघा आता कुठवर वढायचा? सुखानं ऱ्हाऊ दोघं."

"मला इचारायचं व्हतं."

"इचारलं असतं तर न्हाई म्हणली असतीस."

"म्हंजी ठावं व्हतं तुमाला."

जोतीराम काठीनं माती उकरत राहिला. मग काठी काखेत मारून एकटाच वस्तीकडं निघाला. साखरबाई बांधावर बसली. कळपाचा आवाज येत होता तोवर ती उठली नाही.