साडूच्या जीपची ठिणगी

देवाने आमच्या वाशिम जिल्ह्यात वाटायला जेवढा हट्ट पाठवला होता, त्यातला निम्मा माझ्या साडूने एकट्याने घरी नेला. उरलेला निम्मा माझ्याकडे आहे, असं आमच्या दोघांच्या बायका, म्हणजे त्या दोघी बहिणी म्हणतात. त्यांचं बोलणं मी मनावर घेत नाही. मी गोष्ट खरी असली तरच हट्ट धरतो. साडू आधी हट्ट धरतो आणि मग ती गोष्ट खरी करत बसतो. इंझोरीत आमची घरं एका गल्लीच्या अंतरावर, त्यामुळे त्याचं हे बसणं मी जन्मभर पाहत आलो. बसतो तेही कुठे, तर आपल्या पेट्रोलच्या जुन्या जीपचं बॉनेट उघडून, तिच्यासमोर स्टुलावर.

ही जीप घरी आली तेव्हा आम्हा दोघांच्याही डोक्यावर केस होते. तिच्या इंजिनाच्या बाजूला एक काळी टोपी आहे आणि टोपीखाली पॉइंट म्हणून दोन चिमुकले तुकडे. ते उघडझाप करतात तेव्हा प्लगवर ठिणगी पडते आणि गाडी चालते. ते काळे पडले की गाडी खोकते, फटाके फोडते आणि बरोबर जिथे सावली नाही तिथे उभी राहते. म्हणून दर रविवारी, आंघोळ आणि देवपूजा यांच्या मधल्या वेळात, साडू काचपेपरने पॉइंट घासणार म्हणजे घासणार. दोन पॉइंटांमधली फट मापायला मिस्त्री लोकांकडे पोलादाच्या पट्ट्या असतात. साडूकडे लग्नपत्रिका असत. पत्रिकेचा कोपरा कापायचा, फटीत घालायचा, अडकत अडकत निघाला की माप बरोबर. त्याच्या घरात एकही पत्रिका चौकोनी राहिलेली नाही. सोयरिकीसुद्धा तो यावरूनच पारखी. पातळ पत्रिका आली की म्हणे, "मानसं हलके दिसते. पॉइंट चिकटतीन यायच्या पत्रिकेनं." एकदा त्याने कापला तो नेमका लग्नाच्या गावाचा कोपरा. विचारण्यात कमीपणा, म्हणून आठवणीवर विसंबून भलत्याच गावी गेला, कोणाच्या तरी मांडवात बसून पोटभर जेवला, नवरदेवाला आहेर दिला आणि घरी येऊन म्हणाला, "वरण झ्याक होतं. पन आपले लोक काहून नाही आले, समजलं नाही."

गाडीचा सेल, म्हणजे इंजिन फिरवणारा स्टार्टर, कधी घात करील याचा नेम नसल्याने तो जीप फक्त उतारावर उभी करतो. ढकलायला सोपं पडतं. त्यामुळे त्याने माणसांची पारखही उतारावरून केली. ज्याच्या दारापुढे उतार, तो मित्र. माझं घर सपाटीवर आहे. मी एकदा रागावून विचारलं, "काय बे, सणासुदीलेही माह्या घरी पाय नाही लागत तुहे?" तर म्हणाला, "पायाचं काय घेऊन बसला, भाऊ? पाय येते. गाडी नाही येत."

माणसांच्या दुखण्यांनाही त्याच्याकडे हेच औषध. माझ्या बायकोचं डोकं दुखू लागलं की तो म्हणणार, "ठिनगी कमजोर पडून राह्यली तिची, चहा द्या." गावात कोणी कामचुकार निघाला की त्याचे पॉइंट काळे. पोहरादेवीच्या यात्रेत एकदा ऐन गर्दीत जीप बंद पडली. मागे माणसांचा पूर, पोलीस शिट्ट्या फुंकून लाल झालेला, आणि हा बॉनेट उघडून शांतपणे पॉइंट घासत बसला. इतक्या भक्तिभावाने बसला की एका म्हातारीने जीपला हळदकुंकू लावून तिच्यापुढे नारळ ठेवला. तिच्यामागे आणखी दोघींनी ठेवले. पोलीस तोंडातली शिट्टी काढून पाहतच राहिला. त्या नारळाची चटणी आम्ही पुढे पुष्कळ दिवस खाल्ली.

पण या वर्षी गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी राहिली नव्हती. जुन्या गाडीला पासिंग करून घ्यावं लागतं. वाशिमला मैदानात गाडी न्यायची, तिथले साहेब ती तपासतात, ठीक असली तर पुढे पाच वर्षं चालवायची परवानगी. उन्हाळ्यात आम्ही नेली तेव्हा जीपने साहेबांच्या तोंडावर फटाका फोडला आणि बंद पडली. साहेब भला माणूस. "काका, दुरुस्त करून आणा," एवढंच म्हणाला. साडूचा मुलगा मात्र तेवढा भला नव्हता. त्याने सांगून टाकलं, "बाबा, आता एकच डाव. पास झाली तर ठेवा, नाही तर भंगारवाला घेऊन जाईन." त्या दिवशी साडू जेवला नाही, हे मला माझ्या साळीकडून, म्हणजे त्याच्या बायकोकडून कळलं.

कारंज्याला गाड्यांच्या वायरिंगचा एक म्हातारा मिस्त्री आहे, साडूचा जुना दोस्त. तो वर्षानुवर्षं सांगत होता, "कब तक घिसते रहोगे मियाँ? पॉइंट निकाल दो, इलेक्ट्रॉनिक डब्बी लगा दो." या डब्बीला घासणं नाही, फट नाही, ठिणगी आपोआप. साडू दर वेळी कानावर हात ठेवी. आता मात्र मुकाट्याने गेला आणि बसवून आला. जुने पॉइंट फडक्यात गुंडाळून त्याने देवघरात ठेवले. जीप अशी चालू लागली की गल्लीतल्या कुत्र्यांना तिच्यामागे धावायला कारण उरलं नाही.

आणि मग पोळा आला.

बैल विकून त्याला किती तरी वर्षं झाली, पण पोळा त्याने सोडलेला नाही. जीपचा करतो. आदल्या संध्याकाळी बैलांच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, तसं तो इंजिनाला चोळतो आणि म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून त्या दिवशी जीपही चालू करायची नाही. आम्ही चार माणसं ती ढकलत तोरणाखाली नेतो आणि बैलांच्या रांगेत उभी करतो. बैल वळून पाहतात. या वर्षी तर नव्या डब्बीचा पहिला पोळा. त्याने सोनेरी ऑइलपेंट आणला होता.

पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाशिमला निघालो. त्याच्याबरोबर दुसरं कोण जाणार? मी धुतलेला पांढरा सदरा घातला होता. घरून निघाली तेव्हा चांगली होती, पण रस्त्याने जीप मधूनच आचका देई आणि साडू स्टेअरिंगवर थोपटून म्हणे, "काही नाही बाई, चाल." मैदानात रांगेला लागलो. आमच्या पुढे दोनच गाड्या उरल्या आणि जीप गप झाली. खोकली नाही, फटाका नाही. दिवा फुंकावा तशी.

साडूचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. बॉनेट उघडलं, प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि म्हणाला, "मार सेल." मी सेल मारला. इंजिन फिरलं, ठिणगी नाही. पुन्हा मारला, नाही.

"पेट्रोल येऊन राह्यलं, हॉर्न वाजून राह्यला," तो स्वतःशीच म्हणाला. "मंग मेली कायच्यानं? हे डब्बीच खोटी. पॉइंट असते तर घासले असते मी. डब्बीले काय घासू?"

"तुले कोनं सांगतलं डब्बी खोटी म्हनून?"

"मले कोनं सांगाले पायजे?"

पुढची एक गाडी सरकली. मी खाली उतरून वाकलो आणि डब्बी हलते का पाहायला हात घातला, तर बोटं सोनेरी. सदऱ्याची बाही सोनेरी.

"हे ओलं काहून आहे?"

"पोळ्याचा रंग. पान्यापावसाचं वाळला नसन."

"डब्बीच्या बुडाखाली?"

"डब्बी खोलूनच लावला ना. बैलाचं दावं काढून धुतो आपून, का दाव्यासकट? अन् शिंग बुडापासून रंगवतो, का टोकाले?"

"आधी हळद-तूप, अन् त्याच्यावर रंग?"

"मंग? कोरडं ठेवतेत का खांदं?"

"बरं. मिस्त्रीनं बसवतानी काय सांगतलं होतं?"

"सांगतलं होतं, डब्बीचं बूड उघड्या लोखंडाले टेकलं पायजे, नाही तर तिले अर्थिंग भेटत नाही, अन् ठिनगी..." एवढं बोलून तो थांबला. मग खिशातून काचपेपर काढला. आज त्याचं काही काम नव्हतं, तरी तो खिशात होताच. त्याने घाईघाईने दोन स्क्रू काढले, त्यातला एक निसटून खाली पडला.

"दे इकडे," मी म्हणालो. "मी घासतो."

"तुले नाही जमत."

"तूप लावाले जमलं तुले, घासाले मले जमते."

घासलं. तूप, हळद, रंग, सगळं काढून लोखंड पांढरं केलं. डब्बी टेकवून स्क्रू आवळले. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, त्यांना वाजवू दिलं. वायर धरली, सेल मारला, आणि टक्क करून निळी, जाड ठिणगी पडली. पॉइंटची ठिणगी पिवळी, उपाशी असे. साडूने डोळे पुसले आणि गालावर सोनेरी पट्टा ओढून घेतला.

साहेबांनी गाडी चालवून दाखवायला सांगितली, थांबवून, पुन्हा चालू करून पाहिली. ब्रेक, दिवे, सगळं पाहिलं. इंजिनावरचा रंग पाहून हसले आणि म्हणाले, "काका, आज फटाके नाही आणले?"

"नाही साहेब," साडू म्हणाला. "दिवाळीले आनू."

पास झाली. माझ्या छातीवरून कोणीतरी पोतं उचललं. साडूने मुलाला फोन लावला. "भंगारवाल्याले सांग, दुसरं घर पाह्य," एवढं म्हणून ठेवून दिला. वाटेत भजी खाल्ली. कधी नव्हे ते त्याने जीप सपाटीवर उभी केली, आणि ती एका सेलमध्ये चालू झाली. माझा सदरा पाहून बायको जे बोलली ते इथे लिहीत नाही. त्या दिवशी तेही गोड लागलं.

पुढच्या रविवारी सकाळीच साडू माझ्याकडे आला. चालत. आंघोळ झालेली, हात स्वच्छ, नखांत काळं नाही. ओट्यावर बसला, चहा घेतला, रस्त्याकडे पाहत राहिला. मी विचारलं, "काय काम काढलं?"

"काम काय राह्यते आता," तो म्हणाला. "सेल मारला की चालू होते. लय चांगली झाली." आणि हातातला रिकामा पेला फिरवत राहिला.

माझी मोटरसायकल मी आजवर कोणाला हात लावू दिलेली नाही. साडूला तर मुळीच नाही. ती नवी आहे, तिच्यात पॉइंट नाहीत, आणि तिला कसलाही रोग नाही. मी म्हणालो, "दोन दिसांपासून आवाज देऊन राह्यली ते. पाहतं का जरा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ओळखलं असेल, तो काही भोळा नाही. पण पेला खाली ठेवून उठला, बाह्या सरसावल्या आणि म्हणाला, "मले वाटलंच होतं. तू गाडी नीट ठेवतच नाही."

मी ऐकून घेतलं. जेवणवेळेपर्यंत तो तिला खोलून बसला होता, आणि मी स्टूल आणून त्याच्याजवळ ठेवलं.