गोदाक्काचं अर्धं वाक्य

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट ठाऊक नाही. लाज वाटतेच. पण लाजेहून मोठं असं एका बाईबद्दलचं नवल मनात आहे, आणि ते सांगायचं तर माझं पाप वगळून सांगता येत नाही.

चीनच्या लढाईनंतरची गोष्ट. मी जळकोटला शाळामास्तर होतो. तिथल्या गोदाक्काचा मुलगा सोपान फौजेतून परत आला, तो डावा हात लुळा घेऊनच. जवळ तोफेचा गोळा फुटलेला. घरात भांडं पडलं तरी नखशिखांत कापायचा, बाजेखाली जाऊन बसायचा. जीभ अडखळायची. एवढा धिप्पाड गडी — आणि आई त्याला हाताला धरून बाहेर काढायची.

त्यानं अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. चौकशीला एक साहेब आले, त्यांना मराठी येत नव्हतं. निजामाच्या काळात उर्दूत शिकून नंतर खपून इंग्रजी कमावलेला गावात मी एकटा, म्हणून दुभाषा मीच. त्याचा तोरा केवढा होता मला, काय सांगू.

सोपानला बाहेर बसवलं होतं. साहेबांनी विचारलं, घराण्यात आणखी कुणाला असं कापरं भरायचं का? मी ते गोदाक्काला विचारलं.

"माज्या सासूच्या अंगात वारं यायचं," ती म्हणाली. "पर ते देवीचं."

मी तुळजापूरचा. अंगात वारं येणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला हवं होतं? पण इस्त्रीच्या कपड्यातल्या त्या साहेबांपुढं देवीचं नाव काढायला जीभ रेटेना. ते हसतील, मलाही अडाण्यांत जमा करतील — म्हणून मी एवढंच सांगितलं, होय, आजीला असंच कापरं भरायचं. वाक्याचा मागचा तुकडा मी गिळून टाकला.

अर्ज फेटाळला गेला. रोग रक्तातला, फौजेचा संबंध नाही. हातही त्यातच लुळा पडला म्हणे. अशी बातमी गावात लपते होय? सोपानच्या बहिणीचं, कमलचं लग्न बेंबळीला ठरलेलं होतं. ते मोडलं.

आणि अपील लिहून घ्यायला ती मायलेकरं कुणाकडं आली? माझ्याकडंच. मी लिहिलं, झकास लिहिलं. माझी करणी तेवढी त्यात लिहिली नाही.

पुण्याला डॉक्टरांच्या मंडळापुढं सुनावणी झाली, तेव्हा मीही बरोबर गेलो. तिथले मोठे डॉक्टर मराठी होते. जुना जबाब वाचून त्यांनी विचारलं, सासूलाही हाच रोग होता ना?

"देवीचं वारं येतं आन् जातं, सायब. माज्या लेकाचं जात न्हाय."

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी विचारलं, हे तेव्हा का सांगितलं नाही? तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं. तिला सगळं कळलं होतं, आणि तिला कळल्याचं मला कळलं.

"चूक माजी," ती म्हणाली. "म्याच अर्धं बोलले."

कधी कुणाशी खोटं न बोललेली बाई माझ्यासाठी खोटं बोलली — आणि मी शेजारी उभा राहून तिला बोलू दिलं. एवढं मन माणसाला कुठून येतं? इतकी वर्षं झाली, मी अजून थक्क आहे. परतीच्या वाटेवर तिनं गाठोडं सोडून मला भाकरी-चटणी दिली. मी ती खाल्ली.

अपील मंजूर झालं. सोपानला पेन्शन मिळाली, हाताची आणि मनाच्या दुखण्याचीही. गावानं शाळेत माझा सत्कार केला, नारळ दिला. तोही मी घेतला.

बेंबळीकरांना मात्र वाटलं, पेन्शनीसाठी मायलेकरांनी जबाब फिरवला. कमलचं लग्न पुढं कुठंच जुळलं नाही. त्या घराच्या रक्तात रोग नाही, तो मी घातलेला आहे, हे तिथं जाऊन सांगू शकणारा मी एकटाच होतो. बेंबळीला एसटी रोज जात होती. मी गेलो नाही.