टाचणीबाईंच्या लाल कोळंब्या

आमच्या नाटक मंडळीचे कपडे सांभाळणाऱ्या बाईंच्या ओठांत सदैव टाचण्या असत, म्हणून त्या टाचणीबाई. दिव्याखाली कुठला झगा फिका पडतो, ते त्यांनाच आधी दिसे. मंडळी मोडली आणि बाईंनी ती नजर काचेच्या टाकीतल्या शोभेच्या कोळंब्यांकडे वळवली. सहा वर्षं फिक्या कोळंब्या बाजूला काढत, गडद तेवढ्या ठेवत, त्यांनी असा लाल रंग घडवला की बघून मला पुन्हा तोंडाला रंग लावावासा वाटे.

एकदा बाई आठ दिवस बहिणीकडे गेल्या. वहिनीला खूश करावं म्हणून दिरांनी आठ निळ्या कोळंब्या आणल्या आणि त्याच टाकीत सोडल्या. बाई परतल्या, तर चार सर्वांत लाल माद्यांच्या पोटाखाली अंडी. जाताना एकीलाही नव्हती. बाप लाल की निळा, कुणास ठाऊक. निळ्या त्याच जातीच्या असल्या, तर मिसळीची पिल्लं मातकट निघणार आणि सहा वर्षं अक्षरशः पाण्यात.

दीर म्हणाले, रंग इतका वेगळा, म्हणजे जातही वेगळीच. बाईंनी निळ्या बरणीत काढल्या आणि त्यांच्यातला नर कात टाकायची वाट पाहिली. चौथ्या दिवशी कात मिळाली. मलाही भिंगापाशी बसवलं. कात पारदर्शक, निळ्याचा मागमूस नाही. पण नराची जात जिच्यावरून ओळखतात, ती पोटाखालच्या पहिल्या पायांची आतली पाकळी नासपतीसारखी फुगीर. शेजारी लाल नराची जपलेली कात ठेवली. तिथेही तीच नासपती.

"भावोजी, पोशाख बदललाय. नट तोच आहे."

दिरांचा चेहरा एवढासा झाला. बाईंनी चार माद्या चार बरण्यांत ठेवल्या. पिल्लं निघाली ती बिनरंगाची. दीर रोज सकाळी चष्मा पुसून बरण्यांपुढे उकिडवे बसत.

महिन्याभरात रंग उमटला. पहिल्या बरणीत सगळी मातकट. दुसरीत लाल, तिसरीत लाल. चौथीतली तर आईलाही मागे टाकणारी.

बाईंनी पहिली बरणी दिरांच्या हाती दिली.

"सांभाळा. तुमच्या वळणावर गेलीत."

दीर लाजत हसले आणि बरणी छातीशी धरून घरी गेले. बाईंनी बाकीच्या तिन्ही मोठ्या टाकीत रिकाम्या केल्या आणि त्यांतलं सर्वांत फिकं पिल्लू जाळीत धरायला लगेच वाकल्या.